घरांतील शिसें आणि माळवदाचा कठडा

शास्त्रवाचन: अनुवाद २२:८, निर्गम २१:३३, ३४, लेवीय १९:१४, २ राजे ४:३८-४१.

वरील उताऱ्यांपैकीं पहिला उतारा आपल्या खेड्यांतील वाचकांस समजावून सांगण्याची फारशी गरज पडूं नये. सोलापूर व नगरकडील ज्या गांवांत अजून मातीचीं माळवदें आहेत, तेथें उन्हाळ्याच्या रात्रीं माळवदावर निजणें, दिवसा तेथें धान्य वाळविणें, मुलांनीं तेथें खेळणें हें नित्याचेंच आहे. इस्राएल लोकांच्या घरांचीं छपरेंहि अशींच सपाट असत. नवें घर बांधणारानें छपरास कठडा करावा, न केल्यास आणि कोणी पडून मेल्यास त्या रक्ताचा दोष त्या घरावर येईल, असा नियम मोशेच्या द्वारें देण्यांत आला. या नियमांत दोन गोष्टी ध्यानांत घेण्याजोग्या आहेत. एक ही कीं, कोणी पडेपर्यंत थांबण्याची येथें मुभा नाहीं. कठडा अगोदर बांधावयाचा. दुसरी ही कीं, पडणारास ‘तूं नीट पाहून कां चालला नाहींस?’ असें कोणी विचारीत नाहीं. विचारणा होते ती बांधणाराची.

निर्गमांतील नियमहि याच जातीचा आहे. ज्यानें खड्डा उघडा ठेविला, त्यानें दुसऱ्याच्या बैलाची भरपाई करावी. लेवीयांत तर आंधळ्याच्या वाटेंत अडथळा ठेवूं नये असें सांगितलें आहे. आंधळा म्हणजे केवळ डोळ्यांनीं आंधळा एवढाच अर्थ घेण्याचें कारण नाहीं. जो धोका एकास ठाऊक आहे व दुसऱ्यास दिसत नाहीं, त्या धोक्यापुरता तो दुसरा आंधळाच होय. आणि बाजारांतून वस्तु विकत आणणारा मनुष्य पुष्कळ वेळां अशाच स्थितींत असतो. डब्यांतील रंगांत काय मिसळलें आहे, हळदीची पिवळाई कशाची आहे, भांड्याची कल्हई कथिलाची कीं आणखी कशाची, हें डोळ्यांस दिसत नाहीं.

अशा न दिसणाऱ्या विषांपैकीं एकाचाच आज आम्ही विचार करणार आहों. तें म्हणजे शिसें. पुष्कळ विषांचीं नांवें एकदम सांगितल्यास वाचणारा घाबरतो व कांहींच करीत नाहीं. एकाची पुरी ओळख झाली, तर दुसऱ्यांविषयीं विचार कसा करावा हेंहि कळतें.

शिसें आपल्या ओळखीचें आहे. जाळ्याला बांधावयाच्या गोळ्या शिशाच्या, बंदुकीची गोळी शिशाची. परंतु तें आपल्या घरीं बहुधा दुसऱ्या नांवांनीं येतें. रंगाऱ्याचा जुना सफेता हें शिसेंच. खरा शेंदूर हेंहि शिसेंच. मुरदाडशिंग या नांवानें जें विकतात तेंहि शिसेंच. सुरम्याचा खडा पुष्कळदां शिशाचा असतो, आणि नागभस्म हें शिसें जाळून केलेलें असतें. उलट, ज्या वस्तूच्या नांवांतच शिसें आहे त्या शिसपेन्सिलींत मात्र तें मुळींच नाहीं. तिच्यांतील काळी कांडी कोळशाच्या जातीच्या ग्रॅफाइटाची असते. तेव्हां मुलानें पेन्सिल चघळली म्हणून त्याला मारूं नये. (चघळूं देऊं नये हें खरें, पण त्याचें कारण वेगळें, पेन्सिलीच्या वरच्या रंगाविषयीं पुढें येईल.)

येथें उपदेशक बंधूंस एक सूचना करावीशी वाटते. शेंदूर मूर्तीस लावितात म्हणून तो विषारी आहे असें नव्हे. लोखंडी फाटकास गंज चढूं नये म्हणून कारागीर जो शेंदूर लावितो, तोहि तितकाच विषारी होय. शेजाऱ्याच्या धर्मावर बोलण्याचें साधन म्हणून ही माहिती वापरूं नये. ज्याच्या घरांत लहान मूल आहे त्या प्रत्येकास, तो कोणत्याहि धर्माचा असो, ती मित्रभावानें सांगावी.

पवित्र शास्त्रांत शिशाचा उल्लेख अनेक ठिकाणीं आहे: अग्नींतून काढावयाच्या धातूंमध्यें (गणना ३१:२२), ईयोबाच्या विलापांत (ईयोब १९:२४), जखऱ्याच्या दर्शनांत मापावरील जड झांकण म्हणून (जखऱ्या ५:७, ८). त्या लेखकांस त्याचा जडपणा चांगला ठाऊक होता. तें विषारी आहे असें तेथें कोठेंहि म्हटलेलें नाहीं, आणि म्हटलें आहे असें ओढूनताणून दाखविण्यांत आम्हांस अर्थ दिसत नाहीं. कठडा बांधा हें शास्त्र सांगतें. माळवदाची कड कोठें आहे हें पाहण्यासाठीं देवानें डोळे व बुद्धि दिली आहे.

ही कड मनुष्यांस फार पूर्वींच दिसली होती. ख्रिस्तापूर्वीं पहिल्या शतकांत विट्रूव्हियस नांवाच्या रोमी स्थापत्यकारानें लिहून ठेविलें कीं, पाणी शिशाच्या नळांतून आणण्यापेक्षां मातीच्या नळांतून आणावें, कारण शिशाचें काम करणाऱ्या लोकांचे चेहरे निस्तेज होतात. रोमी लोकांनीं तें ऐकलें नाहीं. द्राक्षाचा रस ते शिशाच्या भांड्यांत आटवीत, आणि त्यास गोडी येई; शिशाचे कांहीं क्षार चवीला गोड असतात, हीच मोठी फसवणूक आहे. इंग्लंडांत डेव्हनशायर परगण्यांत सफरचंदाची दारू पिणाऱ्या लोकांस वर्षानुवर्षें पोटशूळ होई व हात लुळे पडत. १७६७ सालीं जॉर्ज बेकर नांवाच्या वैद्यानें दाखवून दिलें कीं, तेथील रस काढण्याच्या यंत्रांत शिसें वापरलेलें आहे, व तें रसांत उतरतें. दुसऱ्या ज्या परगण्यांत शिसें वापरीत नसत तेथें हा रोग नव्हता. अमेरिकेंतील प्रसिद्ध मुत्सद्दी बेंजामिन फ्रँकलिन यांनीं १७८६ सालीं एका मित्रास पत्र लिहून शिशाचे असे अनेक अपाय सांगितले, व एवढें ठाऊक असूनहि लोक त्याप्रमाणें वागावयास किती काळ लावितात याचें नवल केलें. त्या पत्रास दोनशेंहून अधिक वर्षें होऊन गेलीं.

आतां हें विष शरीरांत काय करितें तें पाहूं. हाडें व दात चुन्याच्या अंशानें, म्हणजे कॅल्शियमनें, बनतात. शिसें शरीरांत गेलें कीं तें कॅल्शियमचा वेष घेऊन वावरतें. शरीर त्याला ओळखीत नाहीं, व हाडांत नेऊन सांठवितें. तेथें तें अनेक वर्षें राहतें. स्त्री गरोदर झाली म्हणजे गर्भाकरितां तिच्या हाडांतील कॅल्शियम झिरपूं लागतें, आणि त्याबरोबर जुनें शिसेंहि बाहेर पडून बाळाकडे जातें. आईनें तें बालपणीं खाल्लेलें असूं शकेल. रक्त तयार होण्याच्या कामींहि तें आड येतें, म्हणून अंगांत रक्त कमी पडतें. प्रमाण फार झालें तर पोटांत मुरडा, बद्धकोष्ठ, मनगट लुळें पडणें, फेपरें, आणि मुलांस मृत्युहि येतो. जुने डॉक्टर हिरड्यांवर निळसर रेघ पाहत. बर्टन यांनीं ती १८४० सालीं वर्णिली आहे.

पण बहुतेक मुलांत असें उघड कांहींच दिसत नाहीं, व हेंच आमच्या मतें सर्वांत वाईट आहे. मोठ्या माणसाच्या पोटांत गेलेल्या शिशापैकीं सुमारें दहावा हिस्सा रक्तांत जातो; लहान मुलांत निम्म्यापर्यंत जाऊं शकतो. त्यांत मूल उपाशी असेल, किंवा त्याच्या अन्नांत लोह व कॅल्शियम कमी असेल, तर आणखी अधिक. म्हणजे गरिबाच्या मुलास तेंच विष जास्त बाधतें. १९७९ सालीं अमेरिकेंत हर्बर्ट नीडलमन नांवाच्या डॉक्टरांनीं शाळेंतील मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा करून त्यांतील शिसें मोजिलें. ज्यांच्या दातांत शिसें अधिक, त्या मुलांची बुद्धीची परीक्षा कमी उतरली. आणि त्यांच्या शिक्षकांनीं, दातांचा निकाल ठाऊक नसतां, याच मुलांविषयीं अधिक वेळां सांगितलें कीं हीं चंचल आहेत, लक्ष देत नाहींत, सांगितलेलें पार पाडीत नाहींत. यांपैकीं कोणतेंहि मूल आजारी म्हणून अंथरुणावर नव्हतें. आमच्या रविवारच्या शाळांतील शिक्षकांनीं ही गोष्ट फार मनावर घ्यावी. वर्गांतील जें मूल सोनेरी वचन कधींच पाठ करीत नाहीं, जें एका जागीं बसत नाहीं, त्यास आपण आळशी किंवा हट्टी म्हणून मोकळे होतों. त्या मुलाच्या घरच्या ओसरीवर बॅटऱ्या फोडीत असतील काय, हें कोणी विचारीत नाहीं.

शिशाच्या रंगाविषयीं ऑस्ट्रेलियांतील एक हकीकत सविस्तर सांगण्याजोगी आहे. क्वीन्सलँड प्रांतांत ब्रिस्बेन शहरीं मुलांस शिशाची बाधा होत असल्याचें डॉक्टर टर्नर यांच्या १८९२ सालींच लक्षांत आलें होतें. परंतु तें येतें कोठून हें कळेना. पाणी तपासलें, भांडीं तपासलीं. पुढें लॉकहार्ट गिब्सन या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे दृष्टि मंद झालेलीं व हातपाय लुळे पडलेलीं मुलें येऊं लागलीं. तेथील घरें लांकडी, भोंवतीं पडवी, आणि पडवीस सफेत्याच्या रंगानें रंगविलेला लांकडी कठडा. कडक उन्हानें तो रंग भुकटी होऊन हातास लागे. मुलें दिवसभर त्या कठड्यास धरून खेळत आणि तोच हात तोंडांत घालीत. १९०४ सालीं गिब्सन यांनीं हें प्रसिद्ध केलें. आजच्या धड्यांत आम्हीं कठड्यापासून आरंभ केला आहे, म्हणून हें उदाहरण वाचतांना मनास चटका बसतो: मुलें पडूं नयेत म्हणून बांधलेल्या कठड्यानेंच तीं आजारी पडत होतीं. बांधणारांचा हेतु वाईट नव्हता. परंतु १९०४ नंतर ‘ठाऊक नव्हतें’ असें म्हणण्यास जागा उरली नाहीं. क्वीन्सलँडानें १९२२ सालीं कायदा केला. जिनेव्हा येथें १९२१ सालीं आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेनें रंगाऱ्यांच्या रक्षणाकरितां सफेत्यावर निर्बंध घालण्याचा करार मांडिला. अमेरिकेनें घरगुती रंगांतून शिसें काढण्याचा नियम केला तो १९७८ सालीं. आपल्या देशांत घरगुती रंगांविषयींचा नियम २०१६ सालीं झाला व १ नोव्हेंबर २०१७ पासून तो लागू आहे. त्याप्रमाणें रंगाच्या दहा लाख भागांत शिशाचे नव्वदाहून अधिक भाग असूं नयेत. ब्रिस्बेनपासून आपल्या दारापर्यंत ही बातमी यावयास शंभरांहून अधिक वर्षें लागलीं.

पेट्रोलची गोष्ट थोडक्यांत सांगतों. मोटारीचें इंजिन ठोके न देतां चालावें म्हणून १९२३ सालापासून अमेरिकेंत पेट्रोलमध्यें शिशाचें एक द्रव्य मिसळूं लागले. विकतांना त्याचें नांव ‘एथिल’ असें ठेविलें. नांवांत शिशाचा उल्लेख नाहीं. पुढच्याच वर्षीं न्यू जर्सीच्या एका कारखान्यांत तें तयार करणारे पांच कामगार भ्रमिष्ट होऊन मेले. कामगारांच्या रोगांविषयीं ज्यांचा अधिकार मोठा होता, त्या डॉक्टर अ‍ॅलिस हॅमिल्टन यांनीं १९२५ सालच्या वॉशिंग्टनच्या परिषदेंत याला विरोध केला. त्यांचें म्हणणें कोणी मानिलें नाहीं. जगांतील प्रत्येक रस्त्यावर त्या धुराचें शिसें पडत राहिलें. आपल्या देशांत शिशाचें पेट्रोल २००० सालीं बंद झालें. सर्वांत शेवटीं २०२१ सालीं अल्जीरियांत तें बंद पडलें. बंद केल्यानें काय झालें तें अमेरिकेच्या आंकड्यांवरून दिसतें. पांच वर्षांखालील मुलांच्या एक डेसिलिटर रक्तांत १९७६ ते १९८० या काळांत सरासरी सुमारें १५ मायक्रोग्रॅम शिसें सांपडे. आतां एकाहूनहि कमी सांपडतें. (मायक्रोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा दहा लाखावा भाग.) जागतिक आरोग्य संघटनेचें मत असें आहे कीं, शिशाचें निर्धोक असें कोणतेंच प्रमाण ठाऊक नाहीं, आणि ५ मायक्रोग्रॅम आढळल्यास तें कोठून आलें हें शोधून तें थांबवावें. २०२० सालीं युनिसेफ व प्युअर अर्थ या संस्थांनीं केलेल्या अंदाजाप्रमाणें या मर्यादेवर गेलेलीं मुलें जगांत सुमारें ८० कोटि, म्हणजे तिघांत एक, आहेत. त्यांपैकीं सुमारें साडेसत्तावीस कोटि आपल्या देशांतील.

पेट्रोल थांबलें, तर मग हें येतें कोठून? एक उत्तर हळदीच्या डब्यांत सांपडलें.

बांगलादेशच्या खेड्यांत गरोदर स्त्रियांच्या रक्तांत शिसें आढळलें. तेथें कारखाने नव्हते, मोटारी फार नव्हत्या. ढाक्याची एक संशोधनसंस्था व अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठ यांच्या संशोधकांनीं घरोघरीं जाऊन माती, भांडीं, अन्न, सर्व तपासलें. शिशाचेहि प्रकार असतात, व जसा अंगठ्याचा ठसा तसा प्रत्येक ठिकाणच्या शिशाचा ठसा ओळखतां येतो. स्त्रियांच्या रक्तांतील शिशाचा ठसा हळदींतील शिशाशीं जुळला. हळदींत शिसें आलें तें एका पिवळ्या भुकटीच्या रूपानें. ती शिशाचें क्रोमेट होय. रंगाच्या कामीं वापरतात, आणि तिकडे तिला ‘पेउरी’ म्हणतात. १९८० नंतरच्या दशकांत एका महापुरानें हळद नीट वाळेना व निस्तेज दिसूं लागली, तेव्हां तिला चकाकी आणण्यास कोणीं तरी ही भुकटी चोळली. पूर ओसरला, वहिवाट राहिली. ज्यांनीं ती चोळली त्यांपैकीं पुष्कळांस ती विष आहे हें ठाऊकहि नव्हतें. त्यांस एवढेंच ठाऊक होतें कीं, गिऱ्हाईक पिवळ्याधमक हळकुंडास अधिक पैसे देतें.

येथें आम्हांस थोडें थांबावेंसें वाटतें. आपल्याकडे सांगलीची हळदीची पेठ सर्वांस ठाऊक आहे, आणि हळदींतील चांगलें-वाईट समजणारे लोक आपल्या मंडळ्यांत पुष्कळ आहेत. हळकुंडें शिजवून, वाळवून, पिंपांत घोळून त्यांवरील साल काढून गुळगुळीत करणें हा जुना व निर्दोष उद्योग आहे. पण बाजारांत जो झगझगीत तोच चांगला, असें आपण ठरविलें म्हणजे व्यापाऱ्यास आपणच मोहांत पाडितों. लबाडी विकणाऱ्याची खरी. तथापि तिला किंमत देणारा डोळा घेणाऱ्याचा असतो. मंद पिवळें, थोडें मातकट हळकुंड मागणारें गिऱ्हाईक असेल, तर पेउरी चोळण्याचें कारणच राहणार नाहीं.

बांगलादेशानें पुढें काय केलें, हें आनंदानें सांगण्यासारखें आहे. २०१९ सालीं तेथील बाजारांतून घेतलेल्या हळदीच्या नमुन्यांपैकीं शेंकडा ४७ मध्यें शिसें सांपडलें. त्याच सालीं सरकारच्या अन्नसुरक्षा खात्यानें वर्तमानपत्रांतून लोकांस सावध केलें, बाजारांत जाहीर पत्रकें लाविलीं, आणि ढाक्याच्या एका मोठ्या घाऊक बाजारांत हातयंत्र घेऊन तपासणी केली. अपराधी व्यापाऱ्यांस दंड झाला व माल जप्त झाला. २०२१ सालीं पुन्हां नमुने घेतले तेव्हां शिसें असलेला एकहि निघाला नाहीं. गिरण्यांतील कामगारांच्या रक्तांतील शिसेंहि उतरलें. दोन वर्षांत एवढें झालें. आपल्या देशाच्या कायद्यानेंहि हळदींत शिशाचें क्रोमेट मुळींच असतां कामा नये, तरीहि कांहीं शहरांच्या नमुन्यांत तें आढळलें आहे. शक्य असेल त्यांनीं अख्खें हळकुंड घेऊन घरीं कुटावें किंवा डोळ्यांदेखत दळून घ्यावें. हळकुंड पेलाभर पाण्यांत टाकावें. ताबडतोब पिवळा रंग सुटूं लागला तर तें घेऊं नये. ही परीक्षा कच्ची आहे, पक्की परीक्षा प्रयोगशाळेंतच होते, परंतु कांहीं न पाहण्यापेक्षां ती बरी.

रंगाकडे पुन्हां येऊं, कारण नाताळापूर्वीं मंदिरास व घरास रंग देण्याची आपली चाल आहे. भिंतीच्या चुन्यांत भय नाहीं. दारें, खिडक्या, बांकें, पाळणे यांवरील जुन्या तैलरंगाच्या थरांत शिसें असूं शकतें, विशेषतः पिवळ्या, तांबड्या व हिरव्या रंगांत. तो रंग न उखडतां बसला आहे तोंवर त्रास थोडा. कोरड्या सॅण्डपेपरनें घासला, किंवा आगीनें भाजून खरवडला, तर त्याची धूळ व धूर सर्वत्र पसरतात. आणि आपल्याकडे हें काम बहुधा शनिवारीं होतें व रविवारीं सकाळीं त्याच जमिनीवर लहान मुलांचा वर्ग बसतो! तेव्हां घासणें तें पाण्यानें ओलें करून घासावें. खालीं जुनें कापड अंथरावें व तें खरवड्यासकट गुंडाळून काढावें. मुलें व गरोदर स्त्रिया त्या दिवशीं तेथें नसाव्यात. झाडूनें न झाडतां ओल्या फडक्यानें पुसावें. रंगाऱ्यानें घरीं जाण्यापूर्वीं हातपाय धुवून कपडे बदलावे. नवा डबा घेतांना त्यावर शिशाचें प्रमाण ९० पीपीएमच्या आंत असल्याची नोंद पाहून घ्यावी. हा नियम घरगुती रंगास आहे, यंत्रांच्या व गाड्यांच्या रंगास नाहीं. म्हणून ट्रॅक्टरचा उरलेला रंग पाळण्यास लावण्याची काटकसर करूं नये. हलक्या रंगीत खेळण्यांविषयींहि तसेंच. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआयची खूण असणें सक्तीचें आहे, ती पाहावी. पेन्सिल चघळूं देऊं नये असें वर म्हटलें, तें याच वरच्या रंगासाठीं.

कल्हईविषयीं एवढेंच कीं, शुद्ध कथिलाची कल्हई निर्धोक आहे. कथील महाग, शिसें स्वस्त. म्हणून मिसळण्याचा मोह होतो. ओळखीच्या कल्हईवाल्याकडून, त्याचा पुरा दाम देऊन, कल्हई करून घ्यावी. फुटक्या भांड्यास शिशाची झाळ लावून त्यांत चिंचेचें सार किंवा ताक ठेवूं नये, कारण आंबट पदार्थांत शिसें लवकर उतरतें. घरीं एरंडेलाच्या दिव्यावर धरलेलें काजळ म्हणजे काजळी, त्यांत शिसें नसतें. खड्याचा सुरमा मात्र बाळाच्या डोळ्यांत घालूं नये. नागभस्म किंवा नांव न सांगितलेल्या पुड्या घेत असल्यास डॉक्टरांस तें लपवूं नये.

सर्वांत कठीण गोष्ट बॅटऱ्यांची आहे. मोटारीच्या व इन्व्हर्टरच्या जुन्या बॅटऱ्या फोडून त्यांतील शिसें उघड्या चुलीवर वितळविणें, हा धंदा पुष्कळ ठिकाणीं परसांत चालतो व त्यावर गरिबांचीं घरें चालतात. आफ्रिकेंत सेनेगल देशांत डाकार शहराजवळ थियारॉय-सुर-मेर नांवाच्या वस्तींत असेंच काम चालत होतें. २००७ सालच्या अखेरीपासून २००८ च्या आरंभापर्यंत थोड्याच महिन्यांत तेथें १८ मुलें मेलीं. त्यांच्या आया मातींतून शिशाचे तुकडे चाळून विकीत, आणि मुलें पाठीवर किंवा शेजारीं बसलेलीं असत. आमच्या वाचकांपैकीं कोणाचें घर या कामावर चालत असेल, तर त्यास ‘सोडून दे’ एवढें सांगणें सोपें आहे, व तें सांगणाराच्या घरीं संध्याकाळीं चूल पेटणार असते. ज्या मंडळीस असें सांगावयाचें आहे, तिनें दुसऱ्या कामाची वाट काढून देण्यास हात लावावा. तोंवर निदान वितळविण्याची जागा घरापासून व विहिरीपासून दूर असावी, त्या कामाचे कपडे घरांत येऊं नयेत, आणि जुनी बॅटरी नोंद असलेल्या व्यापाऱ्यासच परत द्यावी. २०२२ च्या नियमांप्रमाणें ती परत घेण्याची जबाबदारी बनविणाऱ्यांवर आहे.

आतां अलीशाच्या हंड्याकडे पाहूं. गिलगालांत दुष्काळ होता. एक जण भाजी आणावयास रानांत गेला व ओळख नसलेल्या वेलीचीं फळें ओटींत भरून घेऊन आला. त्याच्या हातून तें अजाणतां झालें, आणि अलीशानें त्याला एक शब्दहि रागें भरल्याचें लिहिलेलें नाहीं. परंतु ज्यांस चव कळली ते गप्प राहिले नाहींत. भुकेले असतांहि ते ओरडले. दुष्काळांत तोंडाशीं आलेलें अन्न वाईट आहे असें मोठ्यानें सांगणें सोपें नव्हे, पण त्यांनीं तें सांगितलें म्हणून बाकीचे वांचले. पीठ घालून अन्न शुद्ध झालें तें देवाच्या सामर्थ्यानें; शिशावर तसा उतारा आपल्या स्वयंपाकघरांत नाहीं. नाचणी, दूध, ताक, पालेभाज्या, कडधान्यें यांनीं शरीरास कॅल्शियम व लोह मिळून शिसें कमी मुरतें, ही ढाल आहे, औषध नव्हे. संशय असल्यास मुलाचें रक्त तपासून घ्यावें. ही तपासणी मोठ्या दवाखान्यांच्या द्वारें होते. प्रमाण फार असेल तर शिसें बाहेर काढणारीं औषधें आहेत, तीं डॉक्टरांच्या देखरेखीखालींच द्यावयाचीं असतात, आणि विष येण्याची वाट बंद केल्यावांचून त्यांचा उपयोग टिकत नाहीं.

वर्गांत विचारावयाचे प्रश्न: अनुवादांतील नियमांत दोष पडणाऱ्यावर न ठेवितां घरावर कां ठेविला आहे? ज्या व्यापाऱ्यानें अजाणतां पेउरी चोळली व ज्यानें जाणून चोळली, त्या दोघांत काय फरक आहे, आणि मुलाच्या शरीरास तो फरक कळतो काय? गिलगाल येथें प्रथम कोण बोललें? आपल्या गांवांत बॅटऱ्या कोठें फोडितात? मंदिराच्या बांकांस व मुलांच्या वर्गाच्या दारांस शेवटचा रंग कोणत्या सालीं दिला, आणि त्याखालचा थर केव्हांचा आहे, हें पंचांपैकीं कोणास ठाऊक आहे?